शकूचं ‘पाहा’ कार्ड

हे मी कुणापाशीच बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. आता तुमच्याशेजारी बसल्यासारखी सांगतेय — अडखळत सांगेन, चालेल ना?

भिवंडीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कामाला होते. शाळा सातवीपर्यंतची, बाकीचं बघून बघून शिकले. बाहेर दिवसभर कापड विणणाऱ्या लूमची खटखट. तिची इतकी सवय, की लाइट जाऊन ती थांबली तरच आम्ही दचकायचो! कापसाचे तंतू तरंगत खिडकीतून आत यायचे, उन्हात चमकायचे, आणि कार्डांच्या लाकडी खणांवर अलगद बसायचे. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड — लेखकाचं नाव, विषय, कपाटाचा नंबर. दुपारी खण ओढला की वाटायचं, आत माणसं झोपलीत ओळीनं, आणि मी त्यांचं पांघरूण सारखं करतेय.

त्यातलंच एक शकूचं. शकुंतला भोईर, अंजूरची, माझी लहानपणची मैत्रीण. खाडीकाठच्या बायकांची लग्नातली गाणी गोळा करून तिनं प्रबंध लिहिला. एकेका म्हातारीपुढे मांडी घालून बसायची, म्हातारी पेंगली तरी उठायची नाही. प्रबंध आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या पाठीवर नंबर मीच चिकटवला.

मग तिचं लग्न झालं, खारबावला दिली. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं — मानसी. ताट कुणी धरलं होतं? मी. शकुंतला भोईरची मानसी म्हात्रे झाली ती माझ्या हातांवर.

अशा मुलींसाठी ग्रंथालयात एक सोय असते. माहेरच्या नावापाशी आणखी एक कार्ड लावायचं: ‘भोईर शकुंतला — आता म्हात्रे मानसी, खारबाव, पाहा.’ आमचे ग्रंथपाल सर म्हणायचे, “अहो बाई, पोरी सासरी जातात, पुस्तकं इथंच राहतात. वाट दाखवायला कुणी नको?” कितीजणींची ‘पाहा’ कार्डं मी केली! शकूचंही केलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. टेबलाच्या खणात होतं, लावायचं तेवढं राहिलं होतं —

आणि मुंबईहून एक प्राध्यापक बाई आल्या. शकूचा प्रबंध घेऊन आख्खी दुपार खिडकीपाशी बसल्या. केसांत कापूस अडकला तरी भान नाही. मग माझ्याकडे आल्या. असलंच काम त्यांच्याकडे चाललं होतं, या मुलीला तिथं नोकरी द्यायची होती. विचारलं, या शकुंतला भोईर आता कुठं असतात?

कार्ड माझ्या कोपराखाली, खणात.

मी म्हणाले, “लग्न होऊन गेल्या. नाव बदललं असेल. आता कुठं शोधायचं?”

बाईंनी मान हलवली. गेल्या.

का केलं मी असं? पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होते — तिचं मूल लहान, सासरचे सोडणार नाहीत. पण त्यांना कुणी विचारलं होतं? तिला विचारलं होतं? खरं सांगू? त्या बाई प्रबंधाचं कौतुक करत होत्या ना, तेव्हा मी जळले. त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची दारं मी दाखवली होती. आणि शकू मुंबईला जाणार, मी नंबर चिकटवत राहणार. शनिवारी बाजार करून ती माझ्या स्टुलावर येऊन बसायची, तेही जाणार.

त्या शनिवारी ती आली. पिशवीतून मेथी डोकावत होती. हसत म्हणाली, “काय गं, माजी पोथी कोनी उघडली का न्हाय? का उंदरांनीच वाचली?”

“न्हाय गं,” मी म्हणाले.

“बरं हाय. उंदीर तरी शिकतील.”

ती हसली. मीही हसले — हो, हसले. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

पुढं कॉम्प्युटर आला. सगळी कार्डं त्यात भरायची. एक चौकट होती, ‘इतर नाव’. बाकी सगळ्यांची भरली. शकूपाशी आले. रिकाम्या चौकटीत ती बारीक रेघ लुकलुकत होती, भर म्हणत होती. लूम बंद पडल्यावर होतं ना, तसं झालं मला. आणि मी पुढचं कार्ड घेतलं. टेबलाच्या खणातलं शकूचं ‘पाहा’ कार्ड घरी आणलं, बंबात घातलं.

शकू आहे. दर वर्षी सुकट पाठवते, निवडून, साफ करून. नातवंडांना ती गाणी म्हणून दाखवते म्हणे. घरात सगळे तिला मानसीच म्हणतात. शकू म्हणणारी आता मीच उरले.

कोनी उघडली का?

उघडली होती, शकू. आख्खी दुपार बसून वाचली होती. तू कुठं असतेस, विचारलं होतं. मला विचारलं होतं.