अण्णा चप्पल घालेपर्यंत

म्हाताऱ्यांच्या बँडचे किस्से गुळाच्या ढेपेवरच्या माश्यांसारखे. हाकला, परत तिथंच! माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी आत्ताच उठावं.

आमचं सायकेडेलिक रॉक. म्हणजे काय? एकच सूर इतका घोळवायचा की ऐकणाऱ्याला भिंत श्वास घेतीय असं वाटलं पाहिजे. गिटारला बापू, कीबोर्डला जिनाप्पा, ड्रमला मी आणि बेसला अण्णा.

गाणं कधी संपवायचं ते अण्णा ठरवायचा. करकरणारी कोल्हापुरी चप्पल काढून, अनवाणी वाजवायचा. बापूचा शेवटचा तुकडा मनासारखा पडला, की पाय चपलेत घालून टाच दाबायचा. कर्र! सगळे बंद. त्या गोंगाटात कर्र कुठली ऐकू येतीय, आम्ही त्याच्या पायाकडं बघायचो.

*

गगनबावड्याला एका लग्नात मांडवातनं अण्णाची चप्पलच कुणीतरी घालून गेला. झालं! वाजवतोय, वाजवतोय. पंगती उठल्या, नवरी सासरी गेली. शेवटी मुलीचा बाप हात जोडून आला, "पावणं, मांडव सोडायचाय, थांबा की आता!"

अण्णा म्हणाला, "चप्पल आणा, लगेच थांबतो!"

*

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेला. नंतर बापूचा फोन. "सद्या, हात थरथरतोय रं. डॉक्टर म्हणतोय, वाढतच जाणार. एकदा आपलं मोठं गाणं शेवटापर्यंत वाजवू, मग गिटार खुंटीला."

जिनाप्पा म्हणाला, "थरथरतोय तर बरंच की! वेगळा इफेक्ट घ्यायला नको!"

कोडोलीजवळ जिनाप्पाचं बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे. तिथं दुपारचं जमायचं ठरलं.

*

पहिल्याच दिवशी कळलं, आम्हाला थांबताच येत नाही! मी थांबलो तर बापू चालू, बापू थांबला तर जिनाप्पा. पायाकडं बघायची सवय, आणि पायच नाही. ऊसतोडीच्या बाया दारात येऊन बघून गेल्या. शेवटी लाईट गेली तेव्हा संपलं.

जिनाप्पा घाम पुसत म्हणाला, "आता आपला शेवट वायरमनच्या हातात!"

*

मग मी अण्णाच्या घरी चप्पल मागायला गेलो. वहिनींनी लगेच काढून दिली.

"न्या भावजी. पर उंबऱ्यात ठेवू नगासा. रात्री तोंड भायेर करून ठेवली, की सकाळी आत वळल्याली असती."

"मांजर असंल, वहिनी."

"मांजर त्यांच्या आदीच मेलं."

पिशवी हँडलला लावून आलो. सायकल जड का जात होती, ते मी कुणाला विचारलं नाही.

*

चप्पल अण्णाच्या जागेवर मांडली. जिनाप्पा उभ्यानं वाजवतो, म्हणून टाच त्यानं दाबायची ठरली. गाणं शेवटाला आलं. बापूचा तुकडा थरथरून घसरला, तरी जिनाप्पानं पाय पुढं केला. त्याचा पाय पोराएवढा, चप्पल अण्णाच्या मापाची. तरी आत जाईना! तो वाकला, पट्टा चाचपला आणि सरळ झाला तो पांढराफटक.

मी ओरडलो, "काय झालं? घाल की!"

"जागा न्हाय. भरल्याली हाय."

बापू तेवढा हसला. "न्हाय थांबायचा तो. तुकडा कुठं जमलाय माझा?"

*

त्यानंतर बापू हट्टालाच पेटला. दर खेपेला तुकडा घसरायचा, दर खेपेला आम्ही दमून कसंतरी थांबायचो. चपलेला हात लावायचं धाडस कुणाचं नाही. बापूला मग कप धरवेना, चहा आम्ही पाजायचो.

मी म्हटलं, "बास कर गड्या, मरशील."

"मेलो तर दोघं वाट बघत बसू."

परवा टळटळीत ऊन होतं. पाचट हलत नव्हतं. गाणं शेवटाला आलं. बापूनं डोळे मिटले, आणि तुकडा असा पडला, असा पडला, की तरण्या वयातसुद्धा तसा पडला नव्हता! बोटं थरथरत होती, पण सुरावर.

कर्र!

ड्रमच्या दणक्यात ऐकू आलं. तिघं एकदम बंद. तारेची घुमघुमसुद्धा राहिली नाही.

बापू उठला, गिटार खुंटीला अडकवली आणि चेहरा पुसला.

मी म्हटलं, "जिनाप्पा, बघ की जरा."

त्यानं लांबूनच पाय सारला. सरकन आत गेला. मागं दोन बोटं जागा उरली.

"सैल हाय," तो म्हणाला.