अंगठ्याएवढी लग्नपत्रिका

नव्वदचं दशक सरत होतं आणि जळगावातल्या आमच्या आबांचा छापखाना बसत चालला होता. वेबसाइटवर लग्नपत्रिकांचे नमुने दाखवले तर गिऱ्हाईक येईल, एवढीच आशा उरली होती. मी थाटात प्रत्येक पत्रिकेचं अंगठ्याएवढं चित्र केलं. आबा कडाडले, "यात मामांची नावं कुठे वाचता येतात?"

"आबा, हा नुसता नमुना आहे."

"नमुन्यातले मामा रुसत नाहीत का रे?"

मी हरलो. सगळे मामा वाचता येतील एवढी चित्रं मोठी केली. उद्घाटनाला पेढे वाटले आणि टेलिफोनच्या तारेवरून पान उघडायला बसलो. पेढे संपले तरी पडद्यावर गणपतीचा मुकुटच आला होता. मामांपर्यंत एकही गिऱ्हाईक पोचलं नाही. लग्नसराईआधीच छापखान्याला कुलूप लागलं.