आमेन न म्हणणारी आक्का

आक्का आमचे हात हुंगायची. रविवारी चर्चच्या दारात उभी राहून एकेका लेकराचा हात नाकाशी धरायची. आई आमचे हात राखेनं घासून पाठवायची, तरी तंबाखूचा वास जात नसे. "हे काय गं? पोरीच्या हाताला पाटी-पेन्सिलीचा वास यावा!" असं म्हणून ती आमच्यावर नव्हे, आभाळावर डोळे वटारायची.

ती आमच्या निपाणीतली बायबलबाई. इंग्रजांचा अंमल होता तेव्हा. घरोघरी जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणं हे तिचं काम. बायका घरी कुठल्या सापडायला? म्हणून ती तंबाखूच्या वखारीत यायला लागली. तिथं मी होते, दहा वर्षांची. माझी धाकटी बहीण मार्था सात वर्षांची. आईबरोबर आम्ही दिवसभर तंबाखू चाळायचो. धुरळ्यानं मार्था खोकून खोकून निळी पडायची. मुकादम म्हणायचा, "हुतीया सवय." सवय! त्याच्या स्वतःच्या पोरी शाळेत जात होत्या. आणि हा गृहस्थ आमच्या चर्चचा पंच, पहिल्या बाकावर बसणारा! आजही तो आठवला की माझे हात शिवशिवतात.

आक्का त्याच्याशी आधी नीट बोलली, मग बाकीच्या पंचांकडे गेली. "बाई, तुम्ही वचन सांगा. वखारीत नाक खुपसू नका," असं तिला ऐकवण्यात आलं.

आमच्यात रीत अशी, की उपासनेत कुणी प्रार्थनेला उभं राहिलं की आमेन होईपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटायचे, जागचं हलायचं नाही. पुढच्या रविवारी आक्का उठली.

"बापा, ही मार्था. वय सात. रगात थुकतीया. ह्यो दावीद, वय आठ. डोळं गेल्यात जमा. ह्यास्नी राबवणारा हितंच फुडं बसलाय, डोळं मिटून."

तिनं वखारीतल्या एकूण एक लेकराचं नाव घेतलं. आमेन काही म्हणेना. मी बोटांच्या फटीतून बघितलं. मुकादमाचे कान लालभडक झाले होते, पण उठायची सोय नव्हती.

आठवड्याभरात आक्काची खानापूरकडच्या एका खेड्यात रवानगी झाली. मुकादम मात्र पहिल्या बाकावर जिथल्या तिथं. लाज नाही वाटली कुणाला!

निघायच्या दिवशी ती आमच्या घरी आली. "दोन्ही पोरी दे मला. शाळेत घालते."

आई म्हणाली, "दोघी गेल्या तर मुकादम मला वखारीत उभं करून घ्यायचा न्हाय, आक्का. एकीला न्या."

"मग धाकटी दे."

"तिची बोटं लई चपळ हाईत. तिला त्यो सोडायचा न्हाय."

आक्का आईवर ओरडली, तोंडाला येईल ते बोलली. मग तिलाच पोटाशी धरून रडली. शेवटी मी गेले.

दिवाळीच्या सुमाराला निपाणीहून पत्र आलं. मार्था गेली होती. खेड्यातल्या चर्चचे पाळक सांत्वनाला आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाची इच्छा, बाळ."

आक्का चुलीपुढून ताडकन उठली.

"देवाला कशाला मधी वडताय, पाळकबुवा?" ती म्हणाली. "मुकादमाचं नाव घ्या."