चौघींचं एक तिकीट

जिच्यावर अन्याय झाला ती डोंगराकडच्या एका वाडीतली पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई. वेळ, मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण, कर्जत-खालापूर भागातलं एक रेल्वे स्थानक. अन्याय करणाऱ्यांत मीही होते, म्हणून ती घटना मला विसरता येत नाही आणि विसरायचीही नाही.

मी तेव्हा लोहमार्ग पोलिसांत उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी सोडली. आता प्रवाशांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते आणि गाड्या सुटायच्या वेळी ती वाटते. पोलीस आपल्या आठवणी सांगतात तेव्हा शेवटी बहुधा चोर सापडतो. इथे सापडला नाही, हे आधीच सांगते.

त्या सकाळी साडेनऊच्या सुमारास एका प्रवासी बाईंनी चौकीत येऊन फिर्याद दिली. फलाटावरच्या बाकावरून पर्स गेली होती, आत सोन्याची चेन. चोरी नक्की कधी झाली? "नऊला. गाडीची घोषणा चालू होती," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मी ते लिहून घेतलं. लिहिलेलं वाचायचंही असतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

दहा मिनिटांनी आमचे हवालदार एका बाईला दंडाला धरून घेऊन आले. डोक्यावर करवंदांची टोपली. जिन्याच्या वरच्या टोकाला तिकीट तपासनिसाने अडवलं होतं आणि तिच्याकडे तिकीट नव्हतं.

"मॅडम, सापडली," हवालदार म्हणाले.

काय सापडलं होतं? एक विनातिकीट बाई. पण चौकीत ती क्षणात 'चोर' झाली. चोरीची फिर्याद टेबलावर, टोपलीवाली समोर. आणखी पुरावा कुणी मागितलाच नाही.

"तिकीट कुठाय?"

"आजीकडं हाय."

"आजी कुठाय?"

"मागं. जिन्यात. गुडघं दुखत्यात तिचं."

हवालदार हसले. "सगळ्यांची आजी मागंच राहते. पुढं कधी येत नाय."

मीही हसले. लिहून ठेवते.

बाईची झडती बाईनेच घ्यायची, हा नियम आहे. तो आम्ही काटेकोर पाळला. मी आत नेऊन झडती घेतली. टोपली टेबलावर उपडी केली, करवंदं चिरडली, फिर्यादीच्या कागदावर जांभळे डाग पडले. पर्स नव्हती. तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला होता. मी बाईच आहे, तो कशाने ओला आहे हे मला कळलं. तरी मी पंचनाम्यात 'काही मिळून आले नाही' एवढंच लिहिलं आणि तिला बाकावर बसवलं.

"बाय, बाराच्या गाडीनं जाऊ द्या. तान्हं घरी हाय, अंगावर पितं."

हे ती तीनदा म्हणाली. तिचा जबाब मी स्वतः लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'मला इतर काही सांगायचे नाही.' आमच्याकडे प्रत्येक जबाब त्याच वाक्याने संपतो. तिने अंगठा दिला.

मी साहेबांना म्हटलं, कॅमेऱ्याचं चित्रण मागवू या.

"संशयित हातात असताना कॅमेरा कशाला? पर्स पुढं पास केली असेल. बसू दे, बोलेल," साहेब म्हणाले.

ती बोलतच होती. बाराची गाडी गेली. दुपारची गेली.

चार वाजता स्थानकाची सफाई करणाऱ्या मावशी पाळीवर आल्या. झाडू दाराला टेकवून मला म्हणाल्या, "मॅडम, तुमची खबर काढायची पद्धत झ्याक हाय. तीन बायका सकाळपास्नं जिन्याखाली बसल्यात म्हनं, हिला शोधत्यात. कुनी इचारलं का त्यांना?"

मी धावत गेले. जिन्याखाली तीन टोपल्या, दोन तरुण बाया आणि एक म्हातारी. म्हातारीने पदराची गाठ दातांनी सोडली आणि घामाने मऊ झालेला एक कागद माझ्या हातात ठेवला.

एकच तिकीट. त्यावर छापलेलं, प्रौढ चार.

वाडीतल्या बायकांची ही रोजची रीत. खिडकीवर बोलायला एकच जाते, ती थोरली. तिकीटही तिच्याच पदराला, कारण बाकीच्यांचे हात टोपलीला. उतरल्यावर तरणी पुढे पळते, बाजाराच्या कोपऱ्यावर चौघींची जागा धरायला. रेल्वे स्वतः चौघींचं एक तिकीट छापून देते आणि जिन्यावर तिचाच माणूस एकटीला विचारतो, तुझं तिकीट कुठाय.

"आजी, सकाळीच का नाही आलात?"

"आलती की. तुज्या शिपायानं हाकललं. म्हनला, इथं बसू नका, साहेब येनार हायत."

"मग परत यायचं."

"परत हाकलून घ्यायला?"

मी तिकिटावरची वेळ वाचली. खोपोली मार्गावरच्या एका लहान स्थानकावर ते नऊ वाजून अकरा मिनिटांनी काढलेलं होतं. पर्स गेली तेव्हा ही बाई आमच्या स्थानकावर आलीच नव्हती. तपास एवढाच होता. सकाळी पाच मिनिटांत झाला असता.

सव्वाचारला तिला सोडलं. सहा तास पस्तीस मिनिटं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, पण नोंद राहू दे. उपयोगी पडते." मी तिकिटाची वेळ घालून दुसरी नोंद केली. पहिली आजही तशीच आहे, 'संशयित' या शब्दासकट. ती बाई माझ्यावर ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "गाडी कवा हाय?" म्हातारी तिला म्हणाली, "चल गं, पोर रडून निजलं आसंल."

मग चित्रण पाहिलं. नऊ वाजून चार मिनिटं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. गृहस्थाने बाकावरची पर्स उचलली, बॅगेत घातली आणि जिना चढला. वरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीने आवाज केला. ती सगळ्यांसाठीच आवाज करते, म्हणून कुणी बघत नाही. तपासनिसाने वाट द्यायला खुर्ची मागे ओढली. आमचा शिपाई बाजूला सरकला. तो माणूस आजतागायत सापडला नाही. ज्या तासांत सापडला असता, ते आम्ही एका ओल्या चोळीच्या बाईला बाकावर बसवण्यात घालवले.

सुरक्षेच्या नावाखाली आपल्याकडे कपडे तपासले जातात. टोपली, गाठोडं, अनवाणी पाय दिसले की नियम जागा होतो, इस्त्री दिसली की बाजूला सरकतो. हे चालतं, कारण इस्त्रीचे कपडे घातलेले आपण सगळे टोपलीवालीच्या शेजारून पुढे निघून जातो. त्या सकाळी त्या जिन्यावरून कितीतरी जण गेले. गाडीतून तिच्याबरोबर उतरलेलेही होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या जिन्यावर एखादी टोपलीवाली अडवलेली दिसली तर थांबा. तिच्याबरोबरच्या बायका कुठे आहेत ते विचारा आणि त्या येईपर्यंत तिथून हलू नका. कुणी तुम्हाला पुढे व्हायला सांगितलं तर तुमची बॅग खांद्यावरून काढा, त्यांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, आधी माझी तपासा.