खळ्यावरचा वारा

मुखेडच्या अलीकडे एका शेतात आमचा लोखंडी मनोरा उभा आहे. जमिनीलगतची हवा कशी घुसळते, किती वर उसळते, किती खाली बसते, हे त्यावरची यंत्रं अखंड मोजतात आणि मी लातुरात बसून त्या रेषा पाहतो. जागा आम्हीच निवडली. पूर्वी तिथं त्या घराचं खळं होतं. धान्य उधळायला जिथं वारा मोकळा मिळतो तिथंच लोक खळं करतात, म्हणून आम्हालाही तीच जागा पसंत पडली.

दर अमावास्येला भर दुपारी सगळ्यात खालच्या यंत्राची रेषा एकाएकी वर उडायची. वरची यंत्रं गप्प. असला झटका दोष समजून पुसून टाकायचा, असा आमचा नियम. मी पुसत राहिलो, चिडत राहिलो आणि शेवटी एका अमावास्येला एसटीनं जाऊन थडकलो. मनोऱ्याच्या पायथ्याशी शेताची मालकीण, एक म्हातारी मावशी, गोवरीच्या निखाऱ्यांवर तूप आणि भाताचा घास टाकत होती. नवऱ्याच्या नावानं आगारी. ते याच खळ्यावर धान्य उधळता उधळता कोसळले होते.

"मावशी, तुमच्या आगारीनं आमचं मोजमाप बिघडतंय," मी वैतागून म्हणालो.

तिनं वर पाहिलं. "म्हंजे यंत्रात दिसतेत का ते?"

निखाऱ्यांवरची ऊन हवा वर चढते, एवढं साधं वाक्य. पण त्या चेहऱ्याला ते सांगणं माझ्याच्यानं होईना. "दिसतं कायतरी," म्हणालो.

"हे लोखंड रोवल्यापासून वाटायलं, रुसून गेले असतील इथून." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग हसून विचारलं, "मेल्यावर मी बी दिसंन का, साहेब?"

"दिसाल की!"

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. मुलगा लातुरात दालमिलवर कामाला. आगारी तो घरीच देत असेल, असं मी धरून चाललो. पुढच्या अमावास्यांना रेषा सरळ राहिली. जी सरळ राहावी म्हणून इतकी आदळआपट केली, तिचीच आता मला भीती वाटायला लागली. भर दुपारी पंख्याखाली बसून अंगावर काटा यायचा. दिसाल की, असं म्हणून बसलो होतो ना.

गेल्या अमावास्येला रेषा उडाली.

चहा तसाच टाकून एसटी पकडली. सगळ्या वाटेनं एकच मागणं मागत होतो, तिथं राख नसू दे. एवढा शिकलेला माणूस, पण मागत होतो खरा.

राख होती, आणि कोमट होती. शेजारी तिचा मुलगा गुडघ्यांत मान घालून बसला होता. लातूरच्या घरी आगारी पेटतच नव्हती, म्हणून इथं आला होता. म्हणजे रेषा निखाऱ्यांनीच उडवली होती, मावशीनं नव्हे.

तो उठला, यंत्राकडं बघत राहिला.

"साहेब, माय सांगायची, तुमच्या यंत्रात दिसतंय म्हून. आली का माय?"

मी राखेवर हात धरला.

"हाव," म्हणालो, "आली."