उवांवरचं औषध

कपाशीच्या किडीवर फवारायचं औषध तेव्हा आमच्या धाड गावच्या शिवारात नवंच आलं होतं. सात वर्षांच्या लेकीच्या डोक्यात उवा इतक्या, की फणी फिरवली की सडा पडायचा. जाऊबाई म्हणाली, "पऱ्हाटीवरचा मावा यानं पटापट मरते. मंग उवा काय लोखंडाच्या हायेत?" मला पटलं. खोटं कशाला सांगू, हात माझाच होता. औषध गोडेतेलात कालवलं, केसांच्या मुळाशी चोळलं, वरून फडकं बांधलं.

भर दुपार होती. अंगणात पांढरं ऊन. लेक म्हणाली, "माय, अंधार काऊन पडून राह्यला?"

मी हसले. "मस्करी करतं का वं?"

"नाही वं माय. तू बी काळी दिसून राह्यली."

तेव्हा तिचे डोळे पाहिले. बाहुल्या आकसून मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्या भोकांतून ती फार लांबून बघत होती, अन् मला नाही, माझ्यामागच्या कोणाला तरी. तोंडातून लाळ गळायला लागली, अंग घामानं निथळलं, गालाची कातडी आपोआप उडू लागली. "बाहेरचं हाय," म्हणत जाऊबाई मीठ-मिरच्या आणायला धावली. मलाही तसंच वाटलं. पण फडक्याला लसणासारखा वास होता. मालक फवारून आले की त्यांच्या धोतराला यायचा, तोच. मी लेकीला उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटले.

डॉक्टरांनी केस कापले, डोकं साबणानं धुतलं, सुईवर सुई दिली. दर वेळी बॅटरी लावून बाहुल्याच पाहायचे, मोठ्या झाल्या का म्हणून. मध्येच म्हणाले, "बाई, नसांनी धाडलेला निरोप पुसायला अंगात एक रस असतो. हे विष त्या रसाच्या कुलपात शिरतं अन् चावी तुटावी तसं आतच अडकतं. मग निरोप थांबतच नाही."

"पण ते तं किड्यांचं औषध हाय ना?"

"किड्याचं कुलूप अन् हिचं कुलूप सारखंच आहे. फक्त किड्यालाच लागेल अशी चावी घडवायची लोकांची धडपड चालू आहे. ही ती नव्हे."

दिवेलागणीला लेक पुटपुटली, "माय, कंदील दूर ने. डोळ्यात घुसून राह्यला." बाहुल्या रुपयाएवढ्या वाटल्या मला. मी कंदील उचलून दाराबाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कापलेले केस ज्यात बांधून ठेवले होते ते फडकं केस पुरायला उघडलं. उवा मेल्या होत्या, झाडून सगळ्या, पाय आखडून. मी एक नखावर घेतली आणि किती तरी वेळ पाहत राहिले. हिलाही भर दुपारी अंधार दिसला असेल का?