लोखंडाला काज

मास्तरांच्या उजव्या अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं. त्या अंगठ्याने त्यांनी आयुष्यभर शिवणी चाचपल्या, आणि त्यातली एक शिवण लोखंडाची होती, नुकतीच घातलेली.

त्याआधी मास्तर आमच्या गल्लीत कपडे शिवायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर खिळ्याला टेप, आणि एक उभा आरसा, ज्यात माणूस जरा बारीक दिसायचा. आरसा तसा का आहे हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही. आतल्या खोलीत वहिनी काजं करायच्या, बटणं लावायच्या. दुपारी गल्ली सामसूम झाली की मशीनचा आवाज ऐकू यायचा, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्या आवाजावर आमच्या गल्लीतल्या बऱ्याच लोकांना झोप लागायची; तो बंद झाल्यावर काहींना औषध घ्यावं लागलं. मी त्यांच्याकडून शिवून घेतलेला कोट अजून कपाटात आहे. तो मला होत नाही, पण त्यात कोटाचा दोष नाही.

मग कोपऱ्यावर तयार कपड्यांचं दुकान निघालं. ते दुसऱ्या कुणी काढलं असतं तर मास्तरांना मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण काढलं वहिनींच्या सख्ख्या भावाने. लोक तिथून पॅन्ट घ्यायचे आणि आखूड करायला मास्तरांकडे आणायचे. हळूहळू मास्तरांकडे तेवढंच काम उरलं. मापं घेणारा माणूस पायाच्या घोट्यापाशी येऊन ठेपला.

मेहुणा मनाने वाईट नव्हता. एके दिवशी येऊन म्हणाला, "भाऊजी, इथे कशाला बसता? माझ्याकडे या. मागच्या बाजूला मशीन मांडून देतो. पॅन्टा आखूड करायच्या, बस. बसून काम, डोक्यावर पंखा."

"कळवतो," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाला 'मंगळवारी या' म्हणायचा त्यांचा जो आवाज होता, त्याच आवाजात.

मास्तरांकडे कोट शिवायला टाकणारं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे एक ग्रिलवाला. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं असलं काम करायचा. माप देताना हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा हात सरळ चालतो. माझ्या पोरांचा चालत नाही. वेल्डिंग शिकून घ्या की."

"या वयात?"

"जोडायचंच आहे ना? कापड काय नि लोखंड काय. फक्त परीक्षा पास होऊन या. नापासाला मी ठेवत नाही. सख्ख्या पुतण्याला ठेवला नाही."

तेव्हा मामला सरळ होता. पास झाले तर ग्रिलवाल्याची शेड, नापास झाले तर मेहुण्याचा पंखा.

प्रशिक्षण केंद्राच्या फलकावर नवशिक्यांच्या वर्गाची वयाची अट लिहिलेली होती. खालची. वरची लिहायची कुणाला सुचली नव्हती. मास्तर गेले तेव्हा दारावरच्या माणसाने त्यांना मुलाच्या प्रवेशासाठी आलेले समजून बाकावर बसवलं. बराच वेळ बसल्यावर मास्तरांनीच त्याला खरं काय ते सांगितलं. त्याने पाणी आणून दिलं.

वर्ग म्हणजे पत्र्याची लांब शेड. भिंतीला लागून खोपटांसारखे कप्पे, प्रत्येकाला जाड पडदा, आत लोखंडी टेबल. हवेत जळक्या धुराचा वास, तो कपड्यांत बसला की साबणाला दाद देत नसे. शिकवणारे सर मास्तरांहून धाकटे होते, आणि त्यांची एक भुवई कधीतरी जळून अर्धीच राहिली होती, त्यामुळे ते कायम अविश्वासाने बघताहेत असं वाटायचं. बहुतेक वेळा ते बघतही असत. वर्गातली पोरं विशीच्या आतली. ती यांना मास्तर म्हणायला लागली आणि मग सरही म्हणायला लागले. शिकवणाऱ्याला सर आणि शिकणाऱ्याला मास्तर म्हणणारा तो बहुधा एकमेव वर्ग असावा.

पहिल्या दिवसांत सगळ्यांचाच वेल्डिंगचा रॉड लोखंडी प्लेटला चिकटायचा. पोरं शिव्या देत हिसडा मारायची. मास्तर मात्र सुई अडकल्यासारखे थांबायचे, वाकून बघायचे आणि हलक्या हाताने सोडवायला जायचे. तोवर रॉड लाल व्हायचा.

"मास्तर, झटका द्या झटका!" सर ओरडायचे. "त्याची समजूत काढू नका!"

पहिली सरळ रेघ जमली त्या दिवशी अंगठ्याचं ते प्रकरण झालं. रेघ संपली, मास्तरांनी डोळ्यांपुढची काळी काच बाजूला ठेवली, वरची काळी खपली हातोडीने पाडली, जाड हातमोजा काढला आणि सवयीने शिवणीवरून अंगठा फिरवला. पडद्यामागून जो आवाज आला तो ऐकून शेडमधली सगळी मशिनं थांबली. सर धावत आले, बघितलं, आणि म्हणाले, "इस्त्रीला कधी हात लावून बघता का हो?"

"नाही. शिवणीला लावतो."

त्यानंतर एक पोरगा रोज त्यांना आठवण करून द्यायचा, "मास्तर, अंगठा खिशात." आणि मास्तर निमूटपणे घालायचे.

काही गोष्टी मात्र हाताला आधीच येत होत्या. टीप संपताना ती उसवू नये म्हणून शिवणारा दोन टाके मागे येतो. मास्तर लोखंडावरही शेवटी थोडं मागे यायचे, आणि नवशिक्यांच्या रेघेला शेवटी जो खड्डा राहतो, तो त्यांच्या रेघेला राहत नसे. सरांनी ते पाहिलं आणि बाकीच्यांना दाखवलं. त्या आठवड्यात वहिनींनी शेजारीपाजारी सगळ्यांना ते सांगितलं. 'खड्डा' म्हणजे काय हे त्यांनाही माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं, पण आम्ही सगळे खूश होतो.

परीक्षेची पद्धत सोपी आणि निर्दय. दोन जाड प्लेटी, मध्ये थोडी फट ठेवून जोडायच्या. मग त्या जोडातून आडव्या पट्ट्या कापायच्या आणि यंत्रात घालून वाकवायच्या. जोड उघडला की नापास. त्यानंतर एकदाच फेरपरीक्षा.

मास्तरांच्या पट्टीचा जोड वरून इतका देखणा होता की सरांनी वाकवायच्या आधी क्षणभर हात थांबवला. मग दाब दिला. पट्टी अर्धी वाकली आणि जोड खालच्या बाजूने उकलत गेला, कच्च्या दोऱ्याची शिवण उकलते तसा.

सरांनी पट्टी उलटी करून दाखवली. "बघा. वरून कोट शिवलाय. आत शर्टच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तळापर्यंत पोचलाच नाहीत. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, फटीत रॉड टेकवला की कडा वितळून एक बारीक भोक पडलं पाहिजे. ते पडलं की समजायचं, खालपर्यंत गेलं. मग ते भोक पुढे न्यायचं, मागचं आपोआप भरत येतं. तुम्ही भोक पडायच्या आतच हात वर घेता. करंटही कमी ठेवता. भिता कशाला?"

याचं उत्तर मास्तरांनी घरी आल्यावर वहिनींना दिलं. शिकाऊ असताना त्यांनी कुणाच्या तरी लग्नाच्या कोटावर इस्त्री विसरली होती. बटणाएवढं भोक पडलं. लग्न दुसऱ्या दिवशी. त्यांच्या उस्तादाने त्यांना मारलं नाही, फक्त तो कोट घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभं केलं आणि म्हणाला, "तू सांग." त्यानंतर त्यांनी कधी कापडाला भोक पडू दिलं नाही. सगळं शहाणपण त्या एका गोष्टीत होतं, आणि आता एक अर्ध्या भुवईचा माणूस म्हणत होता की भोक पाडा.

वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अहो, मग मी इतकी वर्षं काय करतेय?"

"काय?"

"काज म्हणजे काय असतं? भोकच ना? तुम्ही खडूने खूण करून कपडा माझ्याकडे टाकता आणि तोंड फिरवून बसता. धडधडीत नव्या कापडाला चीर मी देते. मग कडा भरते. आधी चीर, मग भरणं. घाबरून अर्धी चीर दिली तर बटण जातं का आत?"

आणि वहिनींनी मास्तरांना चिंध्यांच्या ढिगातला एक तुकडा दिला, हातात छोटी कात्री दिली आणि काजं करायला बसवलं. मास्तरांचं पहिलं काज इतकं वाईट होतं की वहिनी बऱ्याच वर्षांनी हसल्या. "यातून बटण नाही, मांजर जाईल," म्हणाल्या. फेरपरीक्षेपर्यंत रोज जेवण झाल्यावर हा कार्यक्रम चाले. खिडकीतून बघणाऱ्यांना वाटे, मास्तरांनी वेल्डिंग सोडलं. ती बातमी मेहुण्यापर्यंत पोचली, आणि त्याने दुकानाच्या मागच्या बाजूला मशीन मांडून घेतलं. खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली.

फेरपरीक्षेच्या दिवशी मास्तरांनी प्लेटी घासल्या, फट धरून दोन्ही टोकांना टाका मारला, आणि करंटची मूठ पूर्वीपेक्षा पुढे नेली. सरांनी ते पाहिलं. मास्तरांनी पडदा ओढला. काचेआड सगळं जग हिरवट काळं असतं, आणि मध्ये एक पेटलेला ठिपका. कडा वितळल्या. भोक पडलं. मास्तरांचा हात नेहमीसारखा वर आला नाही. ते पुढे म्हणाले की त्या वेळी त्यांना तो लग्नाचा कोट दिसला, आणि वहिनींची कात्रीही दिसली, आणि कात्री जवळ होती. भोक पुढे सरकत गेलं, मागचं भरत आलं. शेवटी सवयीने दोन टाके मागे.

"अंगठा खिशात," तो पोरगा पडद्याबाहेरून ओरडला.

पट्टी वाकवायला घेतली तेव्हा सगळा वर्ग यंत्राभोवती जमला. सरांनी दाब दिला. पट्टी वाकत गेली, वाकत गेली, दोन्ही टोकं समोरासमोर आली. जोड होता तसाच होता. सरांनी ती बाहेर काढून उजेडात धरली, आणि मग वाकलेल्या भागावरून स्वतःचा अंगठा फिरवला. ती वाकवायच्या आधीच थंड झाली होती.

"करंट वाढवलात म्हणून," सर म्हणाले. त्यांचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं. वहिनींचं मत वेगळं होतं. मास्तर दोघांसमोर मान हलवायचे.

ती पट्टी खिशात घालून मास्तर आधी घरी गेले, तिथून मेहुण्याच्या दुकानात. मेहुण्याने हसून त्यांना मागे नेलं. मशीन, उशी, पंखा. पंखा चालू होता.

"पास झालो," मास्तर म्हणाले, आणि पट्टी मशीनच्या कडेला ठेवली.

मेहुण्याने ती उचलून इकडून तिकडून पाहिली. "हे वाकडं झालंय, भाऊजी."

"वाकडंच व्हायला लागतं."

मेहुण्याने पट्टी परत दिली. मशीनवर एक पॅन्ट पडली होती, टाचण्या लावून तयार. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरची उशी काढून बाजूला ठेवली, बसले, पॅन्टचे दोन्ही पाय आखूड केले, शेवटी दोन टाके मागे आले, दोरा तोडला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. भाजून बरा झालेला तो अंगठा होता, त्याला टाके जाणवले नसावेत.

"मग उद्यापासून?" मेहुण्याने विचारलं, अजूनही थोडी आशा धरून.

"उद्यापासून ग्रिलवाल्याच्या शेडवर," मास्तर म्हणाले. "पंखा बंद करतो हं."